चांद्रशिला व चांद्रावतरणाविषयीचे संशय

चंद्राच्या पृष्ठभागावरून पृथ्वीवर आणलेल्या खडकांना, गोट्यांना व धुळीला चांद्रशिला किंवा चांद्र नमुने म्हणतात. अमेरिकेच्या अपोलो योजनेतील सहा अवतरणांतून (१९६९–७२) सु. ३८२ किग्रॅ. नमुने मिळाले. सोव्हिएट रशियाच्या ल्यूना–१६ (१९७०), ल्यूना–२० (१९७२) व ल्यूना–२४ (१९७६) या मानवरहित यानांनी मिळून सु. ३०० ग्रॅ. माती आणली. १९७१ मध्ये या दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांनी आपापल्या नमुन्यांचे काही अंश एकमेकांस तपासणीसाठी दिले.

संशयाचा उगम : चंद्रावर मनुष्य उतरलाच नाही, हे मत बिल केसिंग या अमेरिकन लेखकाच्या १९७६ मधील पुस्तकामुळे विशेष पसरले. छायाचित्रांत तारे नसणे, ध्वज हललेला दिसणे इ. आक्षेप त्यामागे होते. वस्तुतः उन्हात उजळलेल्या भूमीसाठी कॅमेऱ्याचे उघडझाप अल्पकाळ ठेवल्यास मंद तारे उमटत नाहीत. तसेच निर्वातात ध्वजाचे हेलकावे थांबविण्यास हवेचा रोध नसतो. चांद्रशिला प्रयोगशाळेत घडविल्या किंवा अंटार्क्टिकातून अशनी म्हणून गोळा केल्या, असाही दावा करण्यात येतो.

मुंबईतील संशोधन : या दाव्याचा निर्णय शिलांच्या परीक्षणानेच होऊ शकतो. अपोलोचे नमुने अनेक देशांतील प्रयोगशाळांना देण्यात आले. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तेथे देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी इ. शास्त्रज्ञांनी खनिजांच्या स्फटिकांतील सूक्ष्म मार्गरेषांचा अभ्यास केला. विश्वकिरणांतील व सौर उद्रेकांतील जड अणुकेंद्रे स्फटिकात घुसली म्हणजे त्यांच्या मार्गावर हानी होते. रसायनाने कोरल्यावर हे मार्ग सूक्ष्मदर्शकातून दिसतात. सौर उद्रेकांतील अशी अणुकेंद्रे पृथ्वीच्या वातावरणातून भूपृष्ठापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे लक्षावधी वर्षे उघड्या अवकाशात पडून राहिल्याची ही नोंद भूपृष्ठावरील खडकात आढळत नाही आणि ती भट्टीतही घडविता येत नाही.

कोल्हापूरच्या खडकाशी तुलना : पृथ्वीवरील व चंद्रावरील खडकांतील भेद कोल्हापूर परिसरात चांगला समजतो. येथील काळा पाषाण दक्खन ट्रॅपचा बेसाल्ट आहे. चंद्रावरील काळसर सपाट प्रदेश, ज्यांना ‘सागर’ म्हणतात, तेही बेसाल्टचेच असून पायरोक्सीन व फेल्स्पार ही खनिजे दोहोंत असतात. मात्र दक्खन ट्रॅपचे वय सु. ६·६ कोटी वर्षे, तर अपोलोने आणलेल्या सागरी बेसाल्टांपैकी बहुतेकांचे ३१० ते ३९० कोटी वर्षे आहे. सह्याद्रीकडील बाजूस पावसाच्या पाण्याने मूळ बेसाल्ट कुजून जांभा बनला. राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांत त्यातूनच बॉक्साइटचे साठे तयार झाले. ट्रॅपमधील पोकळ्यांत जलयुक्त झिओलाइट खनिजेही सापडतात. चांद्र बेसाल्टात असा बदल नाही. चांद्र काचमण्यांत पुढे पाण्याचा अत्यल्प अंश आढळला. परंतु पावसाने वा प्रवाहाने झिजल्याची खूण कोठेही नाही. आघाताच्या बाबतीत चांद्र विवरांशी तुलनीय असे बेसाल्टातील विवर बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे आहे. त्यातील आघातजन्य काच व तडकलेली खनिजे यांची चांद्र नमुन्यांशी तुलना १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि लोणारच्या खडकातही पाण्याचे परिणाम दिसतात.

अशनींचा दाखला : १९८२ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेला एक अशनी चंद्रावरचा असल्याचे अपोलोच्या नमुन्यांशी तुलना केल्यावरच ठरले. म्हणजे संशयवाद्यांच्या म्हणण्याचा क्रमच उलटा आहे. शिवाय वातावरणातून येताना अशनीवर वितळलेले कवच चढते. अपोलोच्या शिलांवर ते नाही, उलट सूक्ष्म उल्काकणांच्या माऱ्याचे खळगे आहेत.

भारताच्या चांद्रयान–१ ने (२००८–०९) टिपलेल्या प्रतिमांत अपोलो–१५ च्या यानाच्या झोताने विस्कटलेल्या मातीचा ठसा ओळखता आला. संशय घेणे शास्त्रास वर्ज्य नाही. किंबहुना प्रत्येक चांद्रशिला संशयाच्याच कसोटीवर घासली गेली आहे. छायाचित्राविषयी वाद घालता येतो. शिला मात्र कोणत्याही देशातील अभ्यासकाला पुन्हा तपासता येते, हेच तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.