खमिरातली श्वासाची वही

पाव फुगवणारं यीस्ट आपल्या ओळखीचं आहे. आज त्याच्या पोटातली गोष्ट ऐकू या.

१९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी दाखवलं, की ॲक्रिफ्लेविन नावाचं औषध घातलं की यीस्टचे खुरटे ठिपके वाढतात. ते जगतात, पण ऑक्सिजन वापरून ताकद मिळवू शकत नाहीत. त्यांचा निरोगी यीस्टशी संकर केला, तर सगळी संतती निरोगी. खोट केंद्रकात असती, तर निम्म्यांत उतरली असती. मग ती होती कुठे?

१९६४ साली व्हिएन्नात गॉटफ्रीड शाट्झ आणि सहकाऱ्यांना यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनए सापडला. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली चूल. त्या चुलीची स्वतःची वही निघाली!

१९९८ साली ही वही पूर्ण वाचली गेली. सुमारे ८६ हजार अक्षरं. माणसाची वही साडेसोळा हजारांचीच. एवढा फरक, तरी सायटोक्रोम बीसारखी श्वासाला लागणारी जनुकं दोन्हींत आहेत आणि ओळखू येतात. तिथे बिघाड झाला की चूल मंदावते, म्हणून असे बदल निसर्गात सहसा टिकत नाहीत.

माणसात ही वही आईकडून येते. म्हणून लेकराला मायटोकॉन्ड्रियाचा आजार झाला की आईला बोल लावतात. त्यांना सांगा, डीएनएतली अक्षरं कुणी ठरवून बदलत नाही. शिवाय यातले बरेच आजार केंद्रकातल्या जनुकांमुळे होतात, आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. बाईला दोष देऊ नका, लेकराला डॉक्टरांकडे न्या.