हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा

जागरूक नागरिक म्हणजे रोज पेपर वाचणारा आणि रात्री बातम्या बघणारा माणूस, अशी आपली समजूत असते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्यातल्या अनेकांना पेपर वाचताच येत नव्हता. तरीही आपल्या देशाला माहितीचा अधिकार मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

राजस्थानातलं देवडूंगरी हे छोटं गाव. १९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह तिथे राहायला गेले. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं. भांडण साधं होतं. सरकारी कामावर राबूनही किमान मजुरी हातात पडत नव्हती. विचारलं तर उत्तर यायचं, कागदावर तुमचं काम कमी भरलंय. मग कागद दाखवा म्हटलं, तर ते म्हणे सरकारी गुपित!

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट, म्हणजे मस्टर, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला. कधी कामावर न गेलेल्यांच्या नावापुढे मजुरी दिल्याची नोंद होती, आणि ती माणसं समोरच बसलेली होती. खोटं पकडायला अक्षरओळख लागली नाही. गावात कोण कुठे राबलं हे गावाला ठाऊकच होतं. कमी होती ती फक्त कागदाची.

एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं चाललं. पुढे १९९७ मध्ये तमिळनाडू आणि गोव्यात, तर २००० मध्ये राजस्थानात राज्याचे कायदे झाले. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात मला कोट किराना दिसतं. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची, असं तिथे म्हटलंय. माहिती कशासाठी हवी, हेही सांगावं लागत नाही.

तुमच्यापैकी कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. इथलं राजकारण आपलं नाही, असं अशा वेळी सहज वाटतं. पण रस्ता आपला असतो, नळ आपला असतो. अर्ज हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. उत्तराची मुदत साधारण तीस दिवसांची.

म्हणून मी एवढंच सुचवतो. रोज दहा मिनिटं आपल्या वॉर्डातल्या एका कामासाठी ठेवा. कामाच्या फलकावरची रक्कम आणि मुदत वहीत उतरवा, जाता-येता काम कुठवर आलंय ते लिहा. फरक दिसला, तर त्या कामाचा कागद मागा. कागद आला की तो शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.