बेस गिटार : वाद्याची निवड आणि शिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

वाद्य शिकू इच्छिणाऱ्यासमोर पहिला प्रश्न असतो तो 'कोणते वाद्य घ्यावे' हा. सर्वसाधारणपणे किंमत, आवड आणि हाताची ठेवण यांच्या आधारे त्याचे उत्तर शोधले जाते. परंतु ते वाद्य कोणी, कसे आणि किती सायासाने शिकावे, याविषयीचा एक निर्णय वाद्याच्या बांधणीतच आधी झालेला असतो. विसाव्या शतकात जन्मलेल्या बेस गिटारच्या इतिहासात ही बाब विशेष स्पष्टपणे दिसते. त्या इतिहासातील काही टप्प्यांचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

डबल बेसचा वारसा

अमेरिकेतील जाझ व नृत्यसंगीताच्या वृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे वाद्य सांभाळत असे. माणसाच्या उंचीचे हे वाद्य उभे धरून वाजवावे लागते. त्याच्या दांडीवर पडदे नसतात. सतारीचे पडदे स्वराची जागा दाखवतात, सरोदवादकाला मात्र ती कानाने व सरावाने शोधावी लागते. डबल बेसवादकाची स्थिती सरोदवादकासारखी होती. शिवाय ट्रम्पेट, ड्रम आणि पुढे विजेवर चालणारी गिटार यांच्यासमोर त्याचा आवाज क्षीण पडे व त्याची ने-आण करणे जिकिरीचे होई. १९३० च्या दशकात सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क यांनी 'ऑडिओव्हॉक्स' या नावाने आडवे धरून वाजवावयाचे, पडदे असलेले विद्युत बेस तयार केले. मात्र त्याचा प्रसार झाला नाही.

१९५१ : पडद्यांचा निर्णय

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय केलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणले. फेंडर स्वतः गिटारवादक नव्हते. या वाद्याच्या चार तारा डबल बेसप्रमाणेच जुळवलेल्या होत्या, म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली. तारेची लांबी ३४ इंच व पडदे २० होते. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकता. पडद्यामुळे स्वर नेमका लागतो, हे आश्वासन नावातच होते.

या आश्वासनाचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. गिटारवादकाला आता अल्पावधीत खर्जाची बाजू सांभाळता येऊ लागली आणि डबल बेसवादकाने वर्षानुवर्षे कमावलेल्या कौशल्याला प्रतिस्पर्धी निर्माण झाला. सुलभतेबरोबर काही गमावलेही. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची, आपल्याकडील मींडेशी साम्य असलेली क्रिया पडद्यांच्या दांडीवर तितकी सहज राहिली नाही.

वादकांच्या निवडी

पुढील काळातील वादकांनी हा निर्णय निमूटपणे स्वीकारला नाही. डेट्रॉइट येथे शालेय वयात डबल बेस शिकलेले जेम्स जेमरसन १९६० च्या दशकात मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत प्रिसिजन बेस वाजवू लागले, तेव्हा उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तार छेडण्याची जुनी सवय त्यांनी सोडली नाही. नवे वाद्य जुन्या तालमीने वाजवले गेले. याउलट कॅरोल के या मूळच्या गिटारवादक. १९६३ च्या सुमारास हॉलिवूडमधील एका ध्वनिमुद्रणास बेसवादक न आल्याने त्यांनी हे वाद्य हाती घेतले व गिटारप्रमाणे नखीनेच वाजवले. १९६९ मध्ये त्यांनी या वाद्यावर शिक्षणपुस्तकही प्रसिद्ध केले.

पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण निवडीच्या व्यावहारिक बाजूवर प्रकाश टाकते. १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे त्यांनी हॉफनर कंपनीचे व्हायोलिनच्या आकाराचे बेस घेतले. ते फेंडरहून स्वस्त होते. शिवाय दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचे असल्याने डावखुऱ्या वादकाच्या हाती विचित्र दिसत नव्हते. सुमारे ३० इंच लांबीची तार आणि हलके वजन यांचा पुढे त्यांच्या चपळ, गाण्याशी संवाद साधणाऱ्या वादनाला उपयोगच झाला. जॅको पास्टोरियस यांनी तर फेंडरच्या जाझ बेसचे पडदेच काढून टाकले. १९७६ मधील त्यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत बिनपडद्यांच्या वाद्याचा गाता स्वर ऐकू येतो. १९५१ मध्ये जे सोडले होते, ते पंचवीस वर्षांनी असे पुन्हा मिळवले गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'योग्य वाद्य' असे सर्वांसाठी एकच नसते. लहान हाताच्या विद्यार्थ्याला ३० इंची दांडी सोयीची ठरते. पडदे आरंभीची वाट सुकर करतात, मात्र स्वर ओळखण्याची कानाची जबाबदारी ते घेत नाहीत. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवांत पाश्चात्त्य वादनाच्या स्पर्धा होतात आणि त्यासाठी महाविद्यालये वाद्ये खरेदी करतात. अशा वेळी किंमतपत्रकाआधी विद्यार्थ्याचा हात व त्याची पूर्वीची तालीम पाहणे आवश्यक आहे. वाद्याची निवड ही शिक्षणपद्धतीचीच निवड असते आणि ती विद्यार्थ्याच्या वतीने आपण करीत असू, तर ती विचारपूर्वक करण्याचे उत्तरदायित्वही आपलेच ठरते.