पायथनच्या इम्पोर्टचा कारभार

संगणकभाषेचा इतिहास लिहावयास बसले की व्याकरणाकडे सर्वांचे लक्ष प्रथम जाते; परंतु एखादी भाषा प्रोग्रॅमचे सुटे भाग कोठून आणते, ते आणण्याचा अधिकार कोणाच्या हाती ठेवते आणि त्या अधिकाराचा काही अंश परक्याच्या स्वाधीन करण्याची तिची कितपत तयारी आहे, या प्रश्नांच्या उत्तरांतून तिचा स्वभाव अधिक निश्चितपणे कळतो, असे माझे मत आहे. पायथन या भाषेचा या बाबतीतला इतिहास मला विशेष मोलाचा वाटतो, कारण इतरांसाठी घालून दिलेले नियम तेथे राज्यकर्त्याने पुढे स्वतःसही लागू करून घेतले.

गिडो व्हान रॉसम यांनी आम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत असताना १९८९ च्या डिसेंबरात ही भाषा रचावयास घेतली व १९९१ साली ती जगापुढे ठेवली. प्रोग्रॅमचा असा सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल, आणण्याची मूळ वहिवाट साधी होती. प्रोग्रॅमने एखादे नाव इम्पोर्ट केले की इंटरप्रिटर प्रथम आधी आणलेल्या मॉड्यूलांची नोंद पाही, आणि तेथे ते नाव नसल्यास ठरलेल्या यादीतील फोल्डर एकामागून एक धुंडाळी. परंतु ज्यांना आपली मॉड्यूले एखाद्या झिप फाइलीतून, डेटाबेसमधून किंवा नेटवर्कवरून आणावयाची होती, त्यांना एकच मार्ग मोकळा होता: ज्याच्या नावाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन अधोरेषा आहेत, ते इम्पोर्टचे अंतर्गत फंक्शन काढून त्या जागी आपले बसविणे. म्हणजे एका खोलीची किल्ली हवी असणाऱ्याने साऱ्या वाड्याचा ताबा घ्यावयाचा! १.५ या आवृत्तीत पॅकेजांची, म्हणजे मॉड्यूलांच्या गटांची, व्यवस्था भाषेत अंगभूत झाल्यावर तर हा ताबा अधिकच जड झाला. कारण पॅकेजातील उपनावे, परस्परांना आणणारी मॉड्यूले, या सर्वांचा जिम्मा त्या एका फंक्शनवर येई, आणि दोन निरनिराळ्या साधनांनी तीच जागा बळकावली की ज्याने मागून हात घातला त्याचा शब्द चाले. आयहुक्स आणि ग्रेग स्टाइन यांचे इम्पयूटिल ही मॉड्यूले हा भार हलका करण्यासाठीच निर्माण झाली. पण अधिकाराचे मूळ दुखणे त्यांनी मिटले नाही.

निर्णायक वळण झिप फाइलीच्या निमित्ताने आले. सारी मॉड्यूले एकाच झिप फाइलीत घालून देता यावीत, असा मसुदा जेम्स आल्स्ट्रॉम यांनी २००१ च्या ऑक्टोबरात पेप (पायथन-सुधारणेचा प्रस्ताव) २७३ म्हणून दाखल केला. त्यासाठी सी भाषेत लिहिलेल्या आणि आधीच गुंतागुंतीच्या झालेल्या इम्पोर्टच्या मूळ कोडमध्ये पुष्कळ फेरफार करावे लागत होते. प्रत्येक नव्या गरजेसाठी गाभ्यालाच हात घालण्यापेक्षा बाहेरच्यांना रीतसर रुजू होण्याची सोय करावी, हा विचार २००२ च्या डिसेंबरात पेप ३०२ मध्ये मांडला गेला. त्याचे कर्ते पॉल मूर आणि गिडो यांचे बंधू युस्ट व्हान रॉसम. हे युस्ट व्यवसायाने अक्षररचनाकार. प्रत्येक छपाईत ज्याच्या अक्षरांच्या कडा यदृच्छेने बदलत तो बेओवोल्फ हा टंक त्यांनी एरिक व्हान ब्लोकलंड यांच्यासह घडविला होता.

पेप ३०२ ने शोधणे आणि चढविणे ही दोन कामे वेगळी केली. मेटा-पाथ या यादीत जे शोधक नोंदलेले असतील त्यांना क्रमाने विचारले जाई. ज्यास ते नाव ठाऊक असेल तो ते चढविणारा लोडर हाती देई, नसेल तो ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, म्हणून बाजूस सरे. त्यानंतर पाथमधील, म्हणजे फोल्डरांच्या त्या ठरलेल्या यादीतील, प्रत्येक स्थानासाठी पाथ-हुक्स या दुसऱ्या यादीस विचारणा होई, आणि जे हुक ते स्थान स्वीकारील त्याचा शोधक पुढच्या वेळेसाठी साठवून ठेविला जाई. झिप फाइलीतून इम्पोर्ट करण्याची सोय हे या पद्धतीचेच पहिले अपत्य, आणि २९ जुलै २००३ रोजी आलेल्या २.३ आवृत्तीत ती रूढ झाली. मात्र साध्या फाइली आणण्याचे पायथनचे स्वतःचे काम जुन्याच सी कोडकडे राहिले. परक्यांना नियम आणि स्वतःस सूट, असा तो प्रकार होता; ती सूट काढण्याचे काम पेप ३०२ नेच दुसऱ्या टप्प्याचे म्हणून तहकूब ठेविले होते.

ते तहकूब काम ब्रेट कॅनन यांनी तडीस नेले. इम्पोर्टची सारी यंत्रणा पायथनमध्येच लिहिलेले इम्पोर्टलिब २००९ साली ३.१ मध्ये आले, आणि २०१२ च्या सप्टेंबरात ३.३ मध्ये तेच अधिकृत झाले. जे मॉड्यूल इतर सर्वांस आणते त्यास कोणी आणावयाचे, हा पेच येथे उभा राहतो. म्हणून त्याचे बाइटकोड गोठवून इंटरप्रिटरच्या पोटातच ठेवण्यात आले, आणि त्याच्या गाभ्यास स्वतः इम्पोर्ट करण्याची मुभा नसल्यामुळे त्यास लागणारी मॉड्यूले बाहेरून त्याच्या हाती दिली जाऊ लागली. त्या दिवसापासून मेटा-पाथची यादी उघडली की पायथनचे स्वतःचे तीन शोधक, म्हणजे अंगभूत मॉड्यूलांचा, गोठविलेल्यांचा आणि पाथचा, इतरांप्रमाणेच तेथे ओळीत उभे दिसतात. कोणीही त्यांच्या पुढे उभे राहावे, किंवा त्यांस यादीतून काढूनही टाकावे. मला या साऱ्या इतिहासातील हीच घटना सर्वांत थोर वाटते.

पुढील फेरफार त्या मानाने किरकोळ. २०१४ साली ३.४ मध्ये एरिक स्नो यांच्या पेप ४५१ ने मॉड्यूलची सर्व माहिती एका ‘स्पेक’मध्ये बांधली, त्यामुळे नोंद करणे आणि फसल्यास ती पुसणे ही कामे लोडरच्या अंगावरून उतरली, आणि शोधकांची २००३ ची जुनी रीत २०२३ च्या ऑक्टोबरात, ३.१२ मध्ये, कायमची बंद झाली. मेटा-पाथ मात्र आहे तेथेच आहे. चाचण्या घेणारे पायटेस्ट हे साधन आपला शोधक त्या यादीत अग्रभागी बसवते, चाचणीच्या फाइलींतील असर्टची विधाने चढविण्यापूर्वीच अशी बदलून घेते की चाचणी फसल्यास दोन्ही बाजूंच्या किमती समोर याव्यात, आणि जे मॉड्यूल त्याच्या कामाचे नाही त्याविषयी ‘नन’ म्हणून ते पुढच्या शोधकाकडे सोपवते.