तांड्याची वाट

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या कवेत वसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या भागांतून जाणाऱ्यास जागोजाग ‘तांडा’ नावाच्या वस्त्या लागतात. तांडा हा शब्द मुळात वस्तीचा नव्हे, प्रवासाचा आहे. लादलेल्या बैलांसह देशोदेशी चालणाऱ्या बंजारा लोकांच्या समुदायास तांडा म्हणत. चालणे थांबले, नाव मात्र राहिले.

आगगाडी आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी दख्खन व मध्य हिंदुस्थान यांतील जड मालाची वाहतूक बहुतांशी याच बैलांच्या पाठीवरून चाले. किनाऱ्याकडील मीठ आत येई. धान्य आणि कापूस बाहेर जाई. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापुरास नेत. हा पल्ला ५०० मैलांहून अधिक होता. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १ लाख बैलांचा माल या वाटेने रवाना केला, असे सांगतात.

एवढ्या लांबच्या वाटेस ऋतू निवडण्याची सोय नव्हती. पावसाळ्यात काळ्या जमिनीत बैलांचे पाय रुतत आणि पुराच्या नद्या वाट अडवीत. पाऊस सरल्यापासून तो पुन्हा लागेपर्यंतचाच काय तो काळ हाती असे, आणि त्यात चैत्र-वैशाख आलेच. या दिवसांत यवतमाळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. ओढे आटतात, नद्यांत तुरळक डोह तेवढे उरतात. अशा उन्हात बायकामुले, म्हातारीकोतारी आणि सारे बिऱ्हाड बरोबर घेऊन, वाटेतील कोणाच्याही कोठाराचा भरवसा न धरता ही माणसे शेकडो मैल जात. ती कशाच्या बळावर?

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. हे लोक दिवसाकाठी ६-७ मैलांपेक्षा अधिक चालत नाहीत, आणि तेही थंड वेळी, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही संथ चाल म्हणजे आळस नव्हे. बैलाने पाठीवर वैरण वाहिली, तर मालास जागा उरावी कोठून? म्हणून त्याने वाटेतच चरावे, हा नियम. उन्हे चढण्यापूर्वी मजल संपवावी, गोणी उतराव्यात आणि जनावरे मोकळी सोडावीत. चाऱ्याचा खर्च नसल्यामुळेच ही वाहतूक स्वस्त पडे. घाई केली असती, तर चरण्यास वेळ मिळाला नसता आणि बैल वाटेतच बसले असते. पाणी व गवत पाहून तळ ठरविण्याचे काम नायकाचे. रात्री गोणींची थप्पी हीच तटबंदी आणि कुत्री हेच पहारेकरी.

तांड्यात एक बैल बालाजीला वाहिलेला असे. त्याच्यावर ओझे लादीत नसत. कवड्या-घुंगरांनी सजून तो सर्वांपुढे चाले, आणि चाल संपवून तो जेथे बसे तेथेच मुक्काम पडे, अशी नोंद आढळते. ही श्रद्धा खरी. परंतु तीत एक व्यवहारही होता. दिवसाचा पल्ला माणसाच्या लोभाने नव्हे, तर जनावराच्या दमाने ठरे.

१८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. ज्या बैलास वैशाखाने हरविले नाही त्यास वेगाने हरविले. मिर्झापूरची वाट ओस पडली, आणि तांडे एकेक करून शेतीकडे व मजुरीकडे वळले. त्याहून मोठा घाव कायद्याचा होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि त्यामागून आलेले तसेच कायदे यांनी अनेक प्रांतांत बंजाऱ्यांच्या काही शाखांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ज्यांच्या हाती व्यापारी महिनोन् महिने आपला माल निर्धास्तपणे सोपवीत, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली एका बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या आडनावात तांड्याच्या नायकाचे पद आजही ऐकू येते. मात्र ज्या हजारो नायकांनी भर उन्हात पाण्याचा माग काढीत या देशाच्या पोटापाण्याची वाहतूक केली, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांची आठवण तांडा या एका शब्दात उरली आहे.