मेलॅनोमातील वाहिनीवृद्धी
मेलॅनोमातील वाहिनीवृद्धी : त्वचेला काळसर रंग देणारे मेलॅनीन हे रंजकद्रव्य ज्या कोशिकांत तयार होते, त्या कोशिकांपासून उद्भवणाऱ्या मारक अर्बुदास मेलॅनोमा म्हणतात. वाढत असताना हे अर्बुद स्वतःभोवती नव्या रक्तवाहिन्या व लसीका वाहिन्या निर्माण करवून घेते. पहिल्यांतून त्याला पोषण मिळते, तर दोहोंतून त्याच्या कोशिका शरीरात अन्यत्र पसरू शकतात. या वाहिन्यांच्या प्रमाणावरून रुग्णाच्या साध्यासाध्यतेविषयी काय सांगता येते, याच्या शोधाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

सुश्रुतसंहितेत त्वचेवरील तिळासारख्या काळ्या, वेदनारहित डागास ‘तिलकालक’ म्हटले असून त्याचा समावेश क्षुद्ररोगांत केला आहे. अर्बुदांचे वर्णन स्वतंत्र असून ती पिकत नाहीत व अवशेष राहिल्यास पुन्हा वाढतात, असे तेथे सांगितले आहे. यूरोपात जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७८७ मध्ये एका रुग्णाच्या जबड्याजवळील अर्बुद कापून काढले व त्याचा नमुना जतन केला. तो मेलॅनोमाच होता, हे १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकीय तपासणीने सिद्ध झाले. रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी १८०४ मध्ये या रोगाचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले.

प्रसाराच्या मार्गाकडे प्रथम लक्ष गेले ते लसीका वाहिन्यांच्या बाबतीत. नजीकच्या लसीका ग्रंथी वेळीच काढून टाकाव्यात, असे हर्बर्ट स्नो यांनी १८९२ मध्ये प्रतिपादिले. विल्यम सॅम्पसन हँडली यांनी १९०७ मध्ये रोग लसीका वाहिन्यांतून सर्व दिशांना सरकत जातो, असे मत मांडले व अर्बुदाभोवतालचा विस्तृत भाग काढण्याची शिफारस केली. ही शिफारस प्रगत अवस्थेतील एकाच मृत रुग्णाच्या ऊतकांच्या अभ्यासावर आधारलेली होती. तरीही तिचा अंमल शस्त्रक्रियेवर अर्धशतकाहून अधिक काळ राहिला.

रक्तवाहिन्यांचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटू लागला. १९६६ मध्ये वॉरेन व शुबिक यांनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालाच्या पिशवीत मेलॅनोमाचे तुकडे रोपून त्यांच्याकडे रक्तवाहिन्या कशा वाढत जातात, याचे निरीक्षण केले. १९६८ मध्ये ग्रीनब्लॅट व शुबिक यांनी अर्बुद व प्राण्याचे ऊतक यांच्यामध्ये कोशिकांना ओलांडता न येणारी सच्छिद्र गाळणी ठेवली. तरीही वाहिन्या वाढल्या. अर्थात अर्बुदातून झिरपणारे एखादे रासायनिक द्रव्यच त्यांना चेतवीत असले पाहिजे. या पायावर ज्यूडा फोकमन (१९३३–२००८) यांनी १९७१ मध्ये नव्या रक्तवाहिन्यांवाचून अर्बुद काही मिमी.पलीकडे वाढू शकत नाही, असा सिद्धांत मांडला. प्रारंभी तो फारसा कोणी स्वीकारला नाही. वाहिन्यांच्या अंतःस्तराची वाढ घडविणारे प्रथिन १९८९ मध्ये वेगळे करण्यात आल्यावर त्याला भक्कम आधार मिळाला.

दरम्यान अलेक्झांडर ब्रेस्लॉ यांनी १९७० मध्ये एक साधे माप सुचविले होते : अर्बुदाची त्वचेतील जाडी. त्यांनी अभ्यासलेल्या ९८ रुग्णांपैकी ०·७६ मिमी.पेक्षा कमी जाडीच्या अर्बुदांत रोग उलटला नाही. खरी अडचण मध्यम जाडीच्या अर्बुदांची होती, कारण सारख्याच जाडीच्या दोन रुग्णांपैकी एक बरा होई व दुसरा दगावे. श्रीवास्तव व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये अशा २० रुग्णांच्या छेदांचे मापन केले. पुढे ज्या १० जणांत रोग पसरला, त्यांच्या अर्बुदाच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी व्यापलेले क्षेत्र इतर १० जणांच्या दुपटीहून अधिक आढळले. मात्र नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. रुग्णसंख्या लहान व मोजण्याच्या रीती भिन्न असल्याने हे अनपेक्षित नव्हते. २००२ मध्ये ४१७ रुग्णांवरील अभ्यासाने रक्तवाहिन्यांच्या विपुलतेचा वाईट परिणामांशी असलेला संबंध पुन्हा दाखविला.

लसीका वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली रक्तकेशिकांपासून वेगळ्या ओळखणे दीर्घकाळ कठीण होते. १९९९ च्या सुमारास त्यांची विशिष्ट प्रथिने ज्ञात झाल्यावर चित्र पालटले. दाद्रस, डेटमार व इतर यांनी २००३ मध्ये असे दाखविले की, रोग पसरलेल्या रुग्णांत अर्बुदालगतच्या लसीका वाहिन्या अधिक व मोठ्या होत्या, तर रक्तवाहिन्यांच्या घनतेत फरक नव्हता. हँडली यांचा उपाय अतिरेकी ठरला, पण मार्गाविषयीचे त्यांचे अनुमान अगदीच निराधार नव्हते.

वाहिनीवृद्धी रोखली तर रुग्ण अधिक जगेल, ही अपेक्षा मात्र फलद्रूप झाली नाही. ब्रिटनमध्ये १,३४३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर बेव्हॅसिझुमॅब हे औषध वर्षभर दिल्याने रोग उलटण्यास विलंब झाला, तथापि एकूण आयुर्मान वाढले नाही (२०१८). २०१८ पासून प्रचलित झालेल्या रोगाच्या टप्पेवारीतही प्राथमिक अर्बुदासाठी जाडी व व्रण यांचाच विचार केला जातो, वाहिन्यांच्या संख्येचा नाही.

भारतात मेलॅनोमा विरळा आहे. तथापि येथे तो तळपाय, तळहात, नखाखालची त्वचा व श्लेष्मकला येथे तुलनेने अधिक आढळतो. वालावलसारख्या (ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग) भातशेतीच्या गावात अनवाणी वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या तळपायावरील काळा डाग कुरूप किंवा रुतलेल्या काट्याची खूण समजला जाणे स्वाभाविक आहे. तळपायातील लसीका जांघेतील ग्रंथींकडे वाहते. त्यामुळे तेथे आलेली गाठही पायाच्या जखमेने आलेले अवधाण म्हणून दुर्लक्षिली जाऊ शकते. साधे अवधाण दुखते व जखम भरताच उतरते. रोग पोहोचलेली ग्रंथी बहुधा दुखत नाही, टणक लागते आणि वाढतच राहते. तिची सुईने तपासणी करता येते. तळपायावरील डागाचा तुकडा काढताना मात्र तो त्वचेच्या पूर्ण जाडीचा घ्यावा लागतो; वरवर खरवडल्यास ब्रेस्लॉ यांचे माप घेता येत नाही. वाहिन्यांविषयीची वर दिलेली आकडेवारी मुख्यत्वे गौरवर्णीय रुग्णांच्या अर्बुदांवरून मिळालेली असल्याने ती तळपायाच्या अर्बुदास जशीच्या तशी लावता येत नाही.