वादळे टाळण्याची नौमार्ग-आखणी

सागरप्रवासास निघालेल्या जहाजाचा मार्ग केवळ अंतराच्या हिशेबाने न ठरविता वारा, लाटा व वादळे यांच्या पूर्वानुमानास अनुसरून ठरविण्याची, आणि प्रवास चालू असता तो वेळोवेळी सुधारून घेण्याची विद्या. दोन बंदरांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. परंतु उत्तर अटलांटिक किंवा उत्तर पॅसिफिक ओलांडताना हाच कंस हिवाळ्यात वादळांच्या ऐन वाटेवरून जातो, म्हणून दक्षिणेकडून वळसा पत्करणारे जहाज पुष्कळदा अधिक लवकर, आणि माल शाबूत राखून, मुक्कामी पोचते. कोकणातील शिडाची गलबते पावसाळा लागताच किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतरच दर्यावर लोटीत, ही याच विवेकाची जुनी तरतूद होय.

या विद्येस शास्त्राचे रूप एकोणिसाव्या शतकात आले. अमेरिकन नौदलातील मॅथ्यू मोरी याने जहाजांचे जुने रोजनामे धुंडाळून १८४७ पासून वारे व प्रवाह यांचे नकाशे प्रसिद्ध केले; तर कलकत्त्यास राहून ‘सायक्लोन’ ही संज्ञा जगास देणाऱ्या हेन्री पिडिंग्टन याने १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथासोबत, नकाशावर ठेवून वादळाचे केंद्र ताडता यावे अशा पारदर्शक पत्रिका दिल्या.

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले असता वादळाचे केंद्र उजव्या हातास, किंचित मागे असते. वादळ ज्या दिशेने सरकते तिच्या उजवीकडील अर्धवर्तुळ धोक्याचे मानतात, कारण तेथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या गतीची भर पडते आणि वारा जहाजास वादळाच्या पुढ्यातच रेटीत नेतो. जागीच थांबलेल्या जहाजावर वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरू लागला, तर आपण त्या अर्धवर्तुळात सापडलो असे समजून, वारा नाळेच्या उजव्या अंगास घेऊन शक्य तितक्या वेगाने केंद्रापासून दूर जावे, असा दंडक आहे. तथापि मुळात तेथे सापडूच नये हे खरे कौशल्य, आणि त्यासाठी हल्ली ‘एक-दोन-तीन’चा नियम वापरतात : ३४ नॉट वाऱ्याच्या भाकित क्षेत्राच्या त्रिज्येत २४ तासांपुढील स्थितीसाठी १००, ४८ तासांसाठी २०० आणि ७२ तासांसाठी ३०० सागरी मैल मिळवून होणारे सर्व क्षेत्र वर्ज्य धरावयाचे. पूर्वानुमान जितके लांबचे तितके ते चुकण्याचा संभव अधिक, हे येथे प्रांजळपणे गृहीत धरलेले आहे.

वळण वेळीच घ्यावे लागते. २९ सप्टेंबर २०१५ रोजी जॅक्सनव्हिलहून सान ह्वानकडे निघालेल्या ‘एल फारो’ या मालवाहू जहाजाच्या कप्तानाने कित्येक तास जुन्या हवामानवृत्तावर भिस्त ठेवली. रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांनी दक्षिणेस वळण्याची केलेली सूचना मानली गेली नाही, आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी वाकीन चक्रीवादळात जहाजासह ३३ माणसे बुडाली. मार्ग सुचविणारे गणकयंत्र कितीही निष्णात झाले तरी माहिती शिळी असेल तर ते आंधळेच, हा या दुर्घटनेचा निष्कर्ष प्रत्येक नौकाधिकाऱ्याने मनावर कोरून ठेवावा असा आहे.

अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांतील चक्रीवादळांचे इशारे भारतीय हवामान खाते देते. मार्गाविषयी किनाऱ्यावरून मिळणारा सल्ला मात्र सल्लाच असतो. अखेरचा अखत्यार कप्तानाचा. समुद्रावरील जीवितरक्षणार्थ त्याने घेतलेल्या निर्णयास जहाजाच्या मालकाने वा भाडेकऱ्याने आडकाठी करू नये, असे ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट नमूद आहे.